ग्रह आहे की नाही हे कसं ठरवतात, वही-पेन घेऊन बसा

आमच्या घरात ग्रह किती या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत. सासूबाई म्हणतात नऊ, मी शाळेत शिकले तेही नऊ, आणि भाची सहावीत आहे ती प्लूटो वगळून आठ म्हणते. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं, सोसायटीतली मंडळी जमली होती, आणि यावरून जी चर्चा सुरू झाली ती दूध संपून पातेलं घासायला गेलं तरी चालूच. बोलता बोलता लक्षात आलं की सासूबाईंचे नऊ आणि माझे नऊ हे एक नाहीतच मुळी. त्यांचे म्हणजे सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. माझे बुध ते प्लूटो, मधे पृथ्वी धरून. दोन्ही याद्यांमधे कॉमन किती तर फक्त पाच!

मग भाचीने विचारलं, "मामी, पण ठरवतं कोण? आणि कसं ठरवतात?"

कोण ठरवतं हे एका ओळीत सांगता येतं, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, तिला आयएयू म्हणतात. कसं ठरवतात हे मात्र स्वतः करून बघितल्याशिवाय नीट डोक्यात बसत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी एक वही केली आणि एकेका गोलाला त्यात बसवून बघितलं. तीच पद्धत लिहितेय, पुण्यात कर्वेनगरच्या गच्चीवर जमली म्हणजे कुठेही जमेल.

सामान फार नाही लागत. एक आडवी वही, मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, आणि असेल तर १० बाय ५० ची साधी बायनॉक्युलर. नसेल तर टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, तिथली मंडळी आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात, एकदा जाऊन या. वहीत चार रकाने आखा: नाव, कशाभोवती फिरतो, स्वतःच्या वजनाने गोल झालाय का, आणि वाटेत आजूबाजूला कोण आहे. चौथा रकाना रुंद ठेवा, सगळा वाद तिथेच आहे.

पण हे रकाने भरायच्या आधी एक जुनी परीक्षा करून बघाच, कारण सासूबाईंची यादी त्या परीक्षेतून आलेली आहे आणि ती यादी चुकीची म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. जुनी परीक्षा एकच होती, ताऱ्यांच्या मधून सरकतो का? तारे एकमेकांच्या संदर्भात जागा सोडत नाहीत, सप्तर्षी आजीच्या आजीनेही तसेच बघितले. पण काही ठिपके सरकतात. सूर्य सरकतो, चंद्र तर रोज नक्षत्र बदलतो, आणि पाच ठिपके आहेत ते कधी पुढे जातात कधी वक्री होतात. ग्रीक लोकांचा शब्दही भटक्या या अर्थाचाच आहे. राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू, तेही सरकतात आणि ग्रहणं त्यांच्याजवळच होतात, म्हणून आपल्याकडे त्यांनाही यादीत जागा मिळाली. पृथ्वी यादीत नाही कारण आपण तिच्यावर उभे आहोत, ती आकाशात सरकताना दिसणार कशी? त्या परीक्षेत ही यादी पूर्ण बरोबर आहे. १५४३ मधे कोपर्निकसचं पुस्तक आलं आणि नंतरच्या शंभरेक वर्षांत परीक्षाच बदलली, सूर्याभोवती फिरतो तो ग्रह. सूर्य-चंद्र बाहेर गेले आणि पृथ्वी आत आली. म्हणजे प्लूटो हा काही यादीतून निघालेला पहिला नाही, आधी खुद्द सूर्याचं नाव कमी झालेलं आहे.

सरकणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर मंगळ किंवा गुरू घ्या, आठवडाभर एकाच वेळी गच्चीवर जाऊन जवळच्या दोन-तीन ताऱ्यांबरोबर कागदावर ठिपके काढा. पण मला खरी मजा वेस्टामधे आली. वेस्टा हा लघुग्रह, १८०७ मधे ओल्बर्सने शोधला आणि तेव्हा त्यालाही ग्रहच म्हणायचे. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो त्या दिवसांत तो बायनॉक्युलरने पुण्यातूनही दिसतो, फक्त स्ट्रीट लाईटकडे पाठ करून उभं राहायचं आणि दहा-पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मोबाईल अजिबात बघायचा नाही. शक्य असेल तर पानशेत-वेल्ह्याच्या बाजूला जा, आकाशच वेगळं आहे तिकडे. तारीख आणि जागा स्टेलॅरियम अॅपवर मिळते. बायनॉक्युलरमधे जेवढं गोल वर्तुळ दिसतं तेवढं वाटीने कागदावर काढा, दिसतील ते सगळे ठिपके मांडा, आणि चार दिवसांनी तोच भाग परत काढा. एक ठिपका पूर्ण चंद्राच्या साधारण दोन रुंदी एवढा सरकलेला असेल. बाकी सगळे जिथल्या तिथे. प्लूटो अगदी असाच सापडलाय, क्लाईड टॉम्बॉ नावाचा पोरगा होता, अमेरिकेत अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत, त्याने जानेवारी १९३० मधे सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचेच्या प्लेटा एका यंत्रात आलटून पालटून बघितल्या आणि १८ फेब्रुवारीला एक ठिपका उडी मारताना दिसला. मोबाईलवर दोन फोटो मागेपुढे स्वाइप करतो ना आपण, तसंच.

आता वही.

पहिला रकाना नावाचा, तो सोपा. दुसरा, कशाभोवती फिरतो. इथे नुसतं सरकतोय एवढ्यावर भागत नाही, कक्षा काढावी लागते, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीच्या जागा घेऊन गणिताने वाट ठरवायची. १८०१ च्या १ जानेवारीला, म्हणजे नवं शतक सुरू होण्याच्या दिवशीच, इटलीत पालेर्मोला पियाझ्झीला सेरेस दिसला, पण थोड्याच दिवसांत तो सूर्याच्या उजेडात हरवला. आता परत कुठे शोधायचा? गाउस नावाचा गणिती तेव्हा चोवीस वर्षांचा होता, त्याने त्या मोजक्या नोंदींवरून वाट काढून दिली आणि वर्ष संपता संपता सेरेस त्या जागेच्या जवळच सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधे, सूर्याभोवती. सगळ्यांनी त्याला ग्रह म्हटलं आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं पुस्तकांत तो ग्रहच होता.

या रकान्यात चंद्र लगेच अडकतो कारण तो पृथ्वीभोवती फिरतो. गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आहे आणि बुध ४,८७९, म्हणजे उपग्रह ग्रहापेक्षा मोठा, तरी गॅनिमीड ग्रह नाही. मुलं इथे हमखास भांडतात की मोठा असून का नाही. त्यांना भांडू द्या, कारण इथेच पहिल्यांदा कळतं की किती मोठा हा प्रश्नच विचारलेला नाहीये, नातं विचारलंय. आणि सासूबाईंनी विचारलं तेही बरोबर होतं, की चंद्र आणि पृथ्वी दोघं मिळून सूर्याभोवती जातात ना, मग कोण कोणाभोवती कसं म्हणायचं? त्याचं उत्तर असं की दोघांचा तोल जिथे साधतो तो बिंदू पृथ्वीच्या पोटातच पडतो, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, आणि पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१. म्हणून यजमान पृथ्वी. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन यांच्यात हा बिंदू प्लूटोच्या बाहेर, मोकळ्या जागेत पडतो, ते दोघं एकमेकांभोवती फुगडी घालतात म्हणा ना.

तिसरा रकाना, गोल आहे का. म्हणजे नुसता दिसायला गोल नाही, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला. दिवाळीत लाडू वळत होतो म्हणून भाचीला तेच दाखवलं. हातात मिश्रण घेतलं की सगळीकडून सारखा दाब दिला की गोळा होतो, कमी दाब दिला तर ओबडधोबड राहतो. आकाशातल्या वस्तूला दाब द्यायला बाहेरचा हात नाही, तिचं स्वतःचं वस्तुमानच तिला आत ओढतं. वस्तुमान कमी असेल तर दगडाचा ताठपणा जिंकतो आणि बटाट्यासारखा आकार राहतो, मंगळाचा फोबोस बघा, जेमतेम बावीस-तेवीस किलोमीटरचा, बटाटाच. वस्तुमान जास्त असेल तर डोंगर-दऱ्या सपाट होत होत शेवटी गोळा होतो. सेरेस ९४० किलोमीटर, गोल. वेस्टा ५२५, गोल व्हायच्या वाटेवर होता पण दक्षिणेकडे एवढा मोठा आघात झालाय की खड्डाच जवळजवळ ५०० किलोमीटर रुंद आहे, डॉन यानाने २०११ मधे तिथे पोचून फोटो घेतले.

इथे पक्की रेघ मारता येत नाही हे मुलांना आधीच सांगा. शनीचा मिमास ३९६ किलोमीटरचा आहे आणि गोल आहे, नेपच्यूनचा प्रोटियस त्याच्यापेक्षा किंचित मोठा असून वेडावाकडा आहे. बर्फ किती, खडक किती, आत कधी तापलं होतं का, यावर सगळं अवलंबून. आणि गोल म्हणजे चेंडूच हवा असंही नाही, हाउमिया नावाचा एक आहे प्लूटोच्या पलीकडचा, तो चार तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि त्यामुळे लांबट अंड्यासारखा झालाय, तरी या परीक्षेत तो पास धरलाय, कारण एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा आकार गुरुत्वाकर्षणाने ठरवला तर तो तसाच होणार.

बरं, पण एवढ्या लांबच्या गोष्टीचं वस्तुमान कसं काढणार? हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण हा घरी करता येतो. त्या वस्तूला एखादा उपग्रह असला की झालं. उपग्रह किती लांब आहे आणि एक फेरी किती दिवसांत मारतो, दोनच आकडे लागतात, आणि तुलना करायला आपला चंद्र आहेच, ३,८४,४०० किलोमीटर आणि २७.३२ दिवस.

प्लूटोसाठी करू. १९७८ मधे जेम्स क्रिस्टीला शॅरन सापडला. तो प्लूटोपासून १९,६०० किलोमीटरवर आहे आणि ६.३९ दिवसांत फेरी पूर्ण करतो. कॅल्क्युलेटर काढा. १९,६०० भागिले ३,८४,४००, येतात ०.०५१. याचा घन करा, म्हणजे तीनदा गुणा, ०.०००१३३ च्या आसपास येईल. बाजूला लिहून ठेवा. आता ६.३९ भागिले २७.३२, येतात ०.२३४, याचा वर्ग ०.०५४७. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, ०.००२४. म्हणजे प्लूटो आणि शॅरन दोघं मिळून पृथ्वी-चंद्राच्या वस्तुमानाचा साधारण चारशे दहावा भाग. भाचीने हे उत्तर आल्यावर कॅल्क्युलेटर परत पहिल्यापासून मारला, तिला वाटलं चूक झाली. चूक नव्हती. १९३० मधे सापडला तेव्हा प्लूटो निदान पृथ्वीच्या तोडीचा असेल असं धरलं होतं, मग दर काही वर्षांनी अंदाज खाली येत गेला आणि १९७८ मधे हे गणित झालं तेव्हा कळलं की तो आपल्या चंद्रापेक्षाही हलका आहे, चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

लगेच हेच एरिससाठी करा, तोही प्लूटोसारखाच लांबचा एक गोल. एरिसच्या उपग्रहाचं नाव डिस्नोमिया, अंतर ३७,३०० किलोमीटर, फेरी १५.७९ दिवस. तुमचं उत्तर ०.००२७ च्या आसपास यायला हवं. दोन आकडे शेजारी लिहा आणि बघा, एरिस प्लूटोपेक्षा जड निघाला. २००५ मधे कॅलिफोर्नियाच्या पालोमार वेधशाळेतून माईक ब्राउन, ट्रुहिलो आणि रॅबिनोविट्झ यांनी एरिस शोधल्याचं जाहीर केलं, आणि मग तो प्लूटोपेक्षा मोठा असावा असा अंदाज आल्यावर खगोलशास्त्रज्ञांना गप्प बसणं शक्य राहिलं नाही, जड आहे हे २००७ मधे कळलं. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा ग्रह म्हणावाच लागेल. पुढे नीट मोजल्यावर व्यासाने प्लूटोच थोडा मोठा निघाला, २,३७७ किलोमीटर, आणि एरिस २,३२६. प्लूटोचा आकडा न्यू होरायझन्स यान २०१५ च्या १४ जुलैला शेजारून गेलं तेव्हा पक्का झाला, आणि एरिसचा २०१० मधे तो एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा. तारा किती सेकंद झाकला गेला हे वेगवेगळ्या गावांतून मोजायचं, सावलीची रुंदी मिळते. पिधान म्हणतात त्याला.

चौथा रकाना आता.

हा समजायला वाडा डोळ्यासमोर आणा, सदाशिव पेठेतला जुना, दोन चौकांचा. एका वाड्यात मालक राहतो आणि बाकी दोन-चार बिऱ्हाडं आहेत, पाणी कधी सोडायचं, दिंडी किती वाजता बंद करायची, सगळं मालक ठरवतो. दुसऱ्या वाड्यात मालक राहतच नाही, नुसती बिऱ्हाडंच बिऱ्हाडं, त्यातलं एक बिऱ्हाड मोठं असेल, चार खोल्यांचं, पण म्हणून ते मालक होत नाही. ग्रह म्हणजे स्वतःच्या वाड्याचा मालक. व्याख्येत शब्द आहेत की त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. कोट्यवधी वर्षांत वाटेत जे जे होतं ते एकतर स्वतःत सामावून घेतलं, नाहीतर दूर भिरकावून दिलं, नाहीतर आपल्या तालावर फिरायला लावलं.

सेरेसची परीक्षा घ्या. लघुग्रहांच्या पट्ट्यात तो सगळ्यात मोठा, अख्ख्या पट्ट्याच्या वस्तुमानाचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त भाग एकट्याकडे. पण उरलेले सगळे मिळून त्याच्यापेक्षा जास्तच होतात. मोठं बिऱ्हाड, मालक नाही. आणि इतिहासही तेच सांगतो, १८०१ ला सेरेस, १८०२ ला पॅलस, १८०४ जुनो, १८०७ वेस्टा, सगळे ग्रह म्हणून यादीत. मग १८४५ पासून भराभर आणखी सापडायला लागले, आणि एकाच वाटेवर इतके ग्रह म्हणजे हा काहीतरी वेगळाच गट आहे हे लक्षात आलं, तेव्हा ते सगळे लघुग्रह झाले. प्लूटोचंही तेच झालं, फक्त साधारण दीड शतक उशिरा. बासष्ट वर्षं तो आणि १९७८ नंतर त्याचा शॅरन, एवढेच माहीत होते त्या भागात. १९९२ मधे ज्युविट आणि लू यांना हवाईच्या मौना केआवरून तिथेच दुसरी वस्तू सापडली, मग शेकडो, आता हजारांच्या घरात. त्याला कायपर पट्टा म्हणतात. प्लूटोमधे काही बदललं नाही, त्याचे शेजारी दिसायला लागले.

याला आकड्यात मांडायची एक सोपी पद्धत स्टीव्हन सोटरने २००६ मधे दिली. वस्तूचं स्वतःचं वस्तुमान भागिले तिच्या वाटेवरच्या उरलेल्या सगळ्यांचं मिळून वस्तुमान. पृथ्वीला येतात सुमारे १७ लाख. नेपच्यूनला २४ हजार. सेरेसला एकाच्या खाली, प्लूटोला तर ०.१ च्याही खाली. मी हे आकडे वहीत एकाखाली एक लिहायला सांगितले आणि मुद्दाम काही बोलले नाही, भाची स्वतःच म्हणाली, "अगं मामी, मधे कोणीच नाहीये!" खरंच नाहीये. गोल आहे की नाही याला रेघ सापडत नव्हती, इथे हजारो आणि एकाच्या खालचे असे दोन सरळ कप्पे पडतात. लोक म्हणतात परिसर मोकळा करायची ही अट प्लूटोला काढायला मुद्दाम घुसवली, मला ते पटत नाही, हे आकडे बघितल्यावर तर अजिबातच नाही. निसर्गात खरोखर असलेली दरी आहे ती, आपण फक्त तिला नाव दिलं.

आता एक शंका तुमच्याही घरात येईल. प्लूटो काही वर्षं नेपच्यूनच्याही आत येतो, १९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, मग नेपच्यूनने तरी कुठे परिसर मोकळा केला? वाड्याकडे परत या. नेपच्यून तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात प्लूटो बरोब्बर दोन मारतो, १६५ वर्षं आणि २४८ वर्षं, गुणून बघा. या तालामुळे प्लूटो जेव्हा आत येतो तेव्हा नेपच्यून तिथे जवळपास नसतोच, दोघं कधीच जवळ येत नाहीत, उलट प्लूटो युरेनसच्या जास्त जवळ जाऊ शकतो. आणि हा ताल ठरवला कोणी, तर नेपच्यूनने, तो प्लूटोपेक्षा जवळजवळ आठ हजार पट जड आहे. बिऱ्हाडकरूची पाण्याची वेळ मालकाने ठरवून दिली आहे. म्हणून मोकळा करणं म्हणजे झाडून पुसून रिकामं करणं असं समजू नका, गुरूच्या वाटेवरही त्याच्या पुढे आणि मागे लघुग्रहांचे मोठे थवे आहेत, पण ते गुरूच्या दावणीलाच बांधलेले आहेत.

हे सगळं एका वाक्यात आणायला प्रागला २००६ च्या ऑगस्टमधे आयएयूची सभा भरली. पहिला मसुदा आला तो नुसत्या गोलपणावर होता, त्यात ग्रह बारा होणार होते, सेरेस, शॅरन आणि एरिस आत येणार होते. आठवडाभर वाद झाला. २४ ऑगस्टला मतदान झालं, सभागृहात सव्वाचारशेच्या आसपास लोक होते, संघटनेचे सभासद तेव्हा नऊ हजारांच्या घरात. आपल्याकडे गणपती तीन दिवसांवर आले होते. ठरलं ते असं: सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या वजनाने जवळजवळ गोल झालाय, आणि परिसर मोकळा केलाय, तिन्ही पाहिजेत. पहिल्या दोन आहेत, तिसरी नाही आणि उपग्रहही नाही, तो बटुग्रह. सध्या त्यात पाच मानलेले आहेत, सेरेस, प्लूटो, हाउमिया, माकेमाके, एरिस.

माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. बटुग्रह हा ग्रहांचाच एक प्रकार धरायचा का असाही ठराव तिथे होता, खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल बर्नेल यांनी तर व्यासपीठावर छत्री उघडून दाखवलं की ग्रह या एका छत्रीखाली दोन्ही येतील. तो ठराव पडला. त्यामुळे आता बटुग्रह हा ग्रह नाही असं वाक्य म्हणावं लागतं आणि मराठीत तर ते कानाला फारच विचित्र लागतं, बटू असला तरी माणूसच ना! शब्द दुसरा घ्यायला हवा होता. जे प्रत्यक्ष जमिनी, ज्वालामुखी, वातावरण अभ्यासतात त्यातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना आजही गोलपणाचीच अट पुरेशी वाटते, प्लूटोवर बर्फाचे डोंगर आणि नायट्रोजनचे हिमप्रवाह दिसल्यावर त्यांचं म्हणणं मला समजतं. त्यांच्या पद्धतीने शंभरच्या वर ग्रह होतील आणि आपला चंद्रही त्यात येईल. वहीच्या मागच्या पानावर ती यादीसुद्धा करून बघा, सासूबाईंना चंद्र परत मिळाल्याचा फार आनंद झाला.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना ही प्रागची व्याख्या लागूच होत नाही, कारण त्यात सूर्य असं स्पष्ट लिहिलंय. तिथे गोलपणा दिसत नाही, शेजारी दिसत नाहीत, हातात येतं ते बहुतेक वेळा वस्तुमान आणि फेरीचा काळ. म्हणून तिथले नियम वस्तुमानावर चालतात. गुरूच्या १३ पटीच्या वर गेलं की आत ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, ज्वलन सुरू होऊ शकतं, मग ते तपकिरी खुजे, म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या मधले, म्हणून वेगळे काढतात. आणि २०१८ पासून अजून एक अट आहे, मधल्या ताऱ्याच्या पंचविसाव्या भागापेक्षा वस्तुमान कमी पाहिजे. यातला एक तुमच्या वहीत घालाच, २०१९ मधे भारताने नाव दिलेला, तारा बिभा, शास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्या नावाचा, आणि त्याचा ग्रह संतमस. गुरूच्या दीडपट, आणि ताऱ्याभोवती फेरी जेमतेम दोन दिवसांत. १३ च्या खाली आहे, पंचविसाव्या भागाच्या तर कितीतरी खाली, पास.

काही अडलं तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात, वही घेऊन जा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना सरळ विचारा. डॉ. नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. त्यांनी उभी केलेली संस्था आहे, प्रश्न विचारायला तिथे लाजू नका.

आमची वही आता एकोणीस ओळींवर आली आहे. सासूबाईंच्या नऊपैकी पाच पास झाले, चंद्र दुसऱ्या रकान्यात अडकला, सूर्याच्या पुढे भाचीने लिहिलं 'तो कोणाभोवती फिरणार, तो तर तारा', आणि राहू-केतूपुढे 'बिंदू आहेत, वस्तू नाही'. युरेनसच्या ओळीत सासूबाईंनी कंसात हर्षल लिहायला लावलं कारण पत्रिकेत तेच नाव असतं, आणि ते आहेच बरोबर, १७८१ मधे त्याला शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचंच नाव ते. शेवटची ओळ सेडनाची आहे. २००३ मधे सापडला, व्यास हजार किलोमीटरच्या आसपास, सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही पृथ्वीपेक्षा ७६ पट लांब असतो, एक फेरी अकरा हजार वर्षांच्या आसपास. दुसरा रकाना भरला, सूर्य. तिसऱ्यात आम्ही अडकलो, कारण सेडनाला एकही उपग्रह सापडलेला नाही आणि आपलं ते घन-वर्गाचं गणित मांडायला दोन आकडेच नाहीत. तिथे भाचीने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'चंद्र सापडला की भरायचं'.